लाख्याचं शेण

शेणाला नाक मुरडणारा माणूस वऱ्हाडात जन्माला येत नाही, आणि आलाच तर उपाशी राहतो. जमीन सारवायची शेणानं, कणगी लिंपायची शेणानं. पेरणीआधी सरकीचे दाणे सुटे व्हावेत म्हणून ती बाजेवर चोळायची, तीही शेणानं. नदीवर शेवटचं नेऊन ठेवतात तेव्हा अंगाखाली असतात त्या गोवऱ्यासुद्धा शेणाच्याच. म्हणून गोठ्यात शेण पडलेलं दिसलं की इथली बाई विचार करत बसत नाही, पाटी आणते आणि उचलते. सांगवीच्या सत्यभामेनंही तेच केलं. फरक एवढाच, की तिच्या गोठ्यात सव्वा वर्षापासून जनावर नव्हतं.

सांगवी म्हणजे अकोल्याहून पूर्वेला बैलगाडीच्या एका टप्प्यावरचं गाव. पूर्णेचं खोरं, विहिरींना खारं पाणी, आणि माती अशी काळी की पावसाळ्यात पायातला जोडा मागून घेते. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला असा भाव आला की माणसं ज्वारीचा पेरा मोडून बोंडांकडं डोळे लावून बसली. त्याच धांदलीत, अठराशे बासष्टच्या पौषात, सत्यभामेचा नवरा शेषराव गाडीत कापूस भरून थेट मुंबईला निघाला. अमरावतीच्या बाजारात विकला असता तरी पोट भरलं असतं. पण चार पैशांची हाव आणि मुंबई पाहायची हौस, दोघी एकाच गाडीत चढून बसल्या. जुवाला डावीकडं लाख्या, उजवीकडं हरण्या. सोबतीला गावचाच किसनराव, स्वतःची गाडी घेऊन.

मिरगाआधी किसनराव परत आला. शेषराव आला नाही. "बैल लंगडला त्याचा, मांगून येते थो," एवढं सांगून किसनराव आपल्या वावरात शिरला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. मागून म्हणजे किती मागून? पोळा गेला, दिवाळी गेली, दुसरा पौषही गेला. सत्यभामा रोज कुंकू लावत होती आणि रोज रिकामा गोठा झाडत होती. पाणवठ्यावरच्या बाया आधी तिच्या कपाळाकडं बघायच्या, मग तिच्याकडं.

पाडव्याच्या दिवशी तिचा दीर उत्तमराव गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "वयनी, हे दोन खुंटे उपटून टाकतो म्हणतो. कापूस भराले जागा पायजे."

"चार दिस थांबा ना भाऊजी."

"किती चार दिस? सव्वा साल झालं."

उत्तमराव वाईट माणूस नव्हता. पण भिजत पडलेलं घोंगडं त्याला बघवत नसे, आणि हे घोंगडं तर सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर भिजत होतं. भाऊ गेला असं एकदा ठरलं की रिवाजाप्रमाणं भावजयीशी पाट लावायचा, म्हणजे घर आणि वावर एक राहतं. ठरत नव्हतं ते एवढंच, की भाऊ गेला की आहे. "उद्या उपटतो," म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सत्यभामा गोठ्यात गेली आणि डाव्या खुंट्याशी शेण पडलेलं होतं. ताजं. वाफ निघत होती.

तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग खाली बसली. कोणाचा तरी मोकाट बैल शिरला असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? लाख्याची एक दाढ तुटलेली होती. त्याला वैरण नीट चावता येत नसे आणि त्याच्या शेणात काड्या तशाच्या तशा दिसायच्या. ह्या शेणातही दिसत होत्या. फक्त त्या कडब्याच्या नव्हत्या. बारीक, पिवळट, पोकळ अशा काड्या होत्या, तिनं कधी न पाहिलेल्या. पडलेलं शेण माती घेऊन उठतं म्हणतात. तिनं दोन्ही हातांनी ते उचललं तर त्याच्या बुडाला माती चिकटून आली, आणि ती माती तांबडी होती. तिच्या गोठ्याची जमीन काळी होती, सगळ्या सांगवीची काळी होती.

सासू गोदाबाई ओसरीवरून ओरडली, "कोणाचं जनावर घुसलं वो?"

"आत्याबाई, लाख्याचं शेण होय हे."

"डोस्कं फिरलं काय तुहं?" गोदाबाई म्हणाली. पण उठून गोठ्याशी आली, वाकून बघितलं, आणि परत जाऊन बसली. तिनंही लाख्याला वासरू असल्यापासून चारा घातला होता.

उत्तमरावानं त्या दिवशी खुंटे उपटले नाहीत. त्यानं गोठ्याच्या तोंडाला बाभळीची काटेरी फांदी आडवी लावली, अशी दाट की मांजर शिरणार नाही. सकाळी फांदी जागच्या जागी होती आणि आत शेण पडलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं, गावभर माश्या घोंघावत होत्या, पण त्या शेणावर एक माशी बसत नव्हती. उत्तमराव बराच वेळ तिथं उभा राहिला आणि मग आपल्याच फांदीचा काटा पायात मोडून घेऊन घरात गेला.

आता शेणाचं करायचं काय? दुसरी कोणी बाई असती तर तिनं ते कुंपणापलीकडं टाकलं असतं असं तुम्ही म्हणाल. टाकलं नसतं. लक्ष्मी ती लक्ष्मी, कुठूनही येवो. सत्यभामेनं पहिल्या दोन दिवसांच्या शेणानं माजघर सारवलं, उरलेल्याच्या गोवऱ्या थापल्या. सारवण वाळलं, दिसायला नेहमीसारखंच दिसलं. पण त्यावर पाठ टेकून निजलेली गोदाबाई सकाळी उठली ती पोटऱ्या दाबत. "रातभर चालून राहिली होती मी," ती म्हणाली. "तांबडी वाट, अन् दोन्ही अंगानं डोंगर. थांबाले गेली की मांगून कोणी ढकले." तिचे तळपाय धुळीनं माखले होते. सत्यभामेनं ते पुसले तेव्हा फडकं तांबडं झालं. त्यानंतर तिनं त्या शेणाचं सारवण घातलं नाही. गोवऱ्या मात्र थापत राहिली आणि गोठ्यामागं वेगळ्या रचत राहिली. त्या जाळायचं तिच्या मनात कधीच आलं नाही.

चौथ्या दिवशी तिनं पळसाच्या पानात थोडं शेण घेतलं आणि किसनरावाच्या घरी गेली. तो बाजेवर बसून दोर वळत होता.

"किसनभाऊ, तुमी मुलूख पाह्यला. ही काडी कशाची होय?"

किसनराव हसला. "मुंबई पाह्यली म्हणून लोक मले सोनं पारखाले आणत, बाई. शेण घेऊन आलेली तू पयलीच." त्यानं काडी बोटांत धरून चिरडली आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "कुठून आणलं हे?"

"काय होय सांगा."

"भाताचा पेंढा होय. घाटाखाली, कोकणात, बैलाले हेच घालते. आपल्याकडं कुठं भात?" मग त्यानं बुडाची माती पाहिली. चोराच्या मनात चांदणं, तसा तो एकदम दाराकडं, तिच्याकडं, पुन्हा मातीकडं बघायला लागला. "लाख्याच्या दाढेचं शेण हे," तो म्हणाला, आणि दोर खाली ठेवला.

 तिला विचारायची गरजच पडली नाही, तो आपणहून फुटला.

"म्या शेण खाल्लं, बाई. मुंबईहून परतताना कसाऱ्याच्या घाटाखाली हरण्या मेला. शेषरावाले ताप होता, डोळे उघडत नव्हता. म्हणे, गाडी अन् लाख्याले टाकून नाई येत. मी दोन दिस बसलो. मंग त्याच्या उशाशी पाण्याचं मडकं ठेवलं अन् निंघालो. जिता सोडला त्याले म्या. वाटलं, आभाळ भरून येऊन राहिलं, आपलेही बैल जातीन."

सत्यभामा उठली. तिला किसनरावाचा राग यायला हवा होता, तो आला तो कितीतरी दिवसांनी. त्या घडीला तिला एवढंच कळत होतं, की पहिल्या दिवशी लाख्या घाटाखाली होता, आणि आत्याबाईच्या तळपायांवरची धूळ खरी असेल तर तो घराकडं निघाला होता. तिनं किसनरावाकडून वाटेवरचा एकेक मुक्काम आणि तिथली एकेक वैरण वदवून घेतली, लहान पोरीनं पाढे घोकावेत तशी.

पण तो असा फुटला, तिथंच तिचं नुकसान झालं. किसनरावानं आता सगळ्या गावाला सांगून टाकलं, कारण ओझं उतरवायला लागलेला माणूस मधे थांबत नाही. पारावर चार शहाणे बसले. तापात पडलेला माणूस, वैशाखातलं ऊन, मडकंभर पाणी, त्यावर घाटाचा पावसाळा. आणखी काय पुरावा पाहिजे? अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर अग्नी द्यायचा, म्हणजे त्याच दिवशी पितरांच्या रांगेत शेषरावाच्या नावाची घागर भरता येईल. तिथंच सत्यभामेच्या बांगड्या फुटतील. पुढचं पुढं. उत्तमराव मान खाली घालून ऐकत होता.

सत्यभामेनं भांडण केलं नाही. तिनं दिवस मोजले. अखजीला महिना होता आणि घाटाखालून सांगवीपर्यंत बैलाची वाटही महिन्याचीच होती.

तेव्हापासून ती दर सकाळी गोठ्यात उकिडवी बसून शेण चिवडायची. सहाव्या दिवशी त्यात नागलीचा भुसा आला, म्हणजे घाट चढला. मग बाजरीच्या सरमाडाची जाड काडी आली आणि बुडाची माती करडी झाली, म्हणजे नाशिक मागं पडलं. धुळं आलं, गेलं. गोदाबाईही आता पहाटेपासून ओसरीवर बसू लागली होती. सून गोठ्यातून बाहेर आली की तिच्या तोंडाकडं बघायची.

"कुठंसा आला?"

"खानदेशात, आत्याबाई."

"अन् एका बैलावर गाडी कशी ओढत असन वो?" गोदाबाईनं एक दिवस विचारलं. "हरण्या तं मेला म्हणते किसन्या. मंग दुसऱ्या अंगाले कोण?"

"गाडी टाकून देल्ली असन."

"माहा लेक गाडी टाकत नाई," गोदाबाई म्हणाली. उजव्या खुंट्याशी कधीच काही पडत नव्हतं. पण तिथली जमीन दिवसेंदिवस चेपत चालली होती, जसं कोणी रात्रभर तिथं बसून राहावं. सत्यभामेनं ते पाहिलं होतं आणि सासूला सांगितलं नव्हतं.

मलकापूरजवळ सगळं बिघडलं. एक सकाळ शेण पडलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. सत्यभामा त्या दोन दिवसांत अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी पडलं तेव्हा ते पातळ होतं, खारं पाणी पोटात गेलेल्या जनावरासारखं. लाख्या आपल्या खारपाणपट्ट्यात शिरला होता, सव्वा वर्ष गोडं पाणी पिऊन आल्यावर ते त्याला बाधलं होतं, आणि आता तो सावकाश चालत होता. बाळापूर यायला पाहिजे तेव्हा आलं नाही. अखजीची सकाळ उजाडली तेव्हा शेणात सरकीची टरफलं होती, कापसाचे तंतू चिकटलेली. सरकी बैलांपुढं टाकतात ती अकोल्याच्या बाजारतळावर. एक टप्पा उरला होता.

ती धावत ओसरीवर आली. "आत्याबाई, सांजेपावतर येते ते! निस्ती सांज होऊ द्या."

उत्तमरावानं पुतळा बांधून ठेवला होता. पळसाची पानं दोऱ्यानं आवळलेली, डोक्याच्या जागी नारळ. "भटजी म्हणते, बाराच्या आत अग्नी पायजे," तो म्हणाला. "वयनी, माहाही भाऊ होता थो."

"आहे म्हणा."

गोदाबाई मधे पडली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "सत्यभामे, माह्या लेकाच्या तोंडात साल झालं पाण्याचा थेंब नाई. आज गावातल्या साऱ्या मेलेल्याइले घागर भेटन. थो एकटा उभा राहीन दारात. कसं पाहू मी?"

"मेले नाईत ते."

"मंग येऊ दे त्याले. आला तं ह्याच हातानं घागर फोडतो. नाई आला तं तहानेला तं राहणार नाई."  दोघी एकाच माणसावर जीव टाकत होत्या आणि दोघींना त्याचं भलंच करायचं होतं.

तेवढ्यात उत्तमरावानं गोठ्यामागच्या गोवऱ्या पाटीत भरायला घेतल्या.

"त्या नोका नेऊ, भाऊजी! दुसऱ्या घ्या."

"घरच्या गोवऱ्या असतानी भावासाठी लोकाइच्या दारात मांगू काय?" तो म्हणाला. आणि ते खरंही होतं, घरच्या माणसाला घरच्याच गोवऱ्या. सत्यभामेनं त्याच्या हातातली पाटी धरली. मग तिनं वाटेकडं बघितलं. पाटी धरून बसली तर वाट राहिली, वाट धरली तर पाटी राहिली. तिनं पाटी सोडली आणि अकोल्याच्या रस्त्याला लागली.

उन्हाचा तवा झाला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळी माणसं आपापल्या पितरांना पुरणाचं ताट वाढत होती. दोन कोस गेल्यावर तिला लांबून चाकाचा आवाज आला. एक चाक कुरकुरत होतं. मग धूळ दिसली, मग जू.

डावीकडं लाख्या होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. उजवीकडं शेषराव होता. जुवाचा दांडा त्याच्या मानेवर होता आणि मानेवर बैलाच्या खांद्यासारखा काळा घट्टा उभा राहिला होता. तो खाली मान घालून लाख्याच्या पावलाला पाऊल मिळवत चालला होता. तोंडात काही नव्हतं, तरी त्याचा जबडा सावकाश, आडवा हलत होता.

 सत्यभामेला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ती पळाली नाही. "अवो," तिनं हाक मारली. बायको दुसरी काय हाक मारणार!

लाख्या थांबला, म्हणून तोही थांबला. जबडा थांबला. त्यानं मान वर केली आणि तिला ओळखायला त्याला बराच वेळ लागला. मग डोळ्यांत माणूस आला.

"तू काहून आली इतक्या उन्हाची?" तो म्हणाला. "मी येऊनच राहिलो होतो. हरण्या मेला ना, म्हणून उशीर झाला."

"माहीत आहे मले."

"गाडी कशी टाकू? बाबानं घेतलेली."

"नोका टाकू."

तेवढ्यात सांगवीच्या बाजूला, सपाट वावरांच्या पलीकडं, नदीच्या काठाला धुराची एक बारीक रेघ उभी राहिली. वारा पश्चिमेचा होता, तिच्या पाठीकडून गावाकडं वाहत होता. धूर त्या वाऱ्याला न जुमानता त्यांच्याकडं यायला लागला. जळत्या गोवरीचा वास आला. शेषरावानं नाक वर केलं, छाती भरून घेतली, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा हसला असावा तसा हसला.

"घरचा धूर येऊन राहिला," तो म्हणाला. "मायनं चूल पेटवली वाटते. आता पोचलोच म्हण."

त्याच्या धोतराची कड काळी पडत चालली होती. ज्वाळा नव्हती. कड काळी व्हायची, सुरकुतायची आणि वाऱ्यावर उडून जायची, आणि तिच्या मागचं काही दिसायचं नाही. त्याला ते कळत नव्हतं. सत्यभामेनं एकदा त्याच्या पायांकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "सैपाक झाला असन. चाला, माय वाट पाहून राहिली."

आणि ती जुवाखाली शिरली, त्याच्या बाजूनं, खांद्याला खांदा लावून. आधी जू हलकं वाटलं, जवळजवळ नव्हतंच. वाटेवरच्या बाभळीपाशी आली तेव्हा जाणवायला लागलं, ओढ्यात उतरताना आणखी. ती समोर बघून चालत होती आणि त्याला घरचं सगळं सांगत होती, कोणाच्या पोरीचं लग्न झालं, कोणाला लेक झाला, विहिरीचं पाणी यंदा किती खाली गेलं. तो "हूं" म्हणत होता. ओढ्याचा चढ चढताना त्याचं "हूं" ऐकू आलं नाही. तरी ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर बाजूला बघावं लागलं असतं. सांगवीची वेस दिसली तेव्हा उजवीकडचं सगळं जू तिच्या एकटीच्या मानेवर होतं, आणि ती अजून सांगत होती.